वर्गासाठी बिनतारी माइक-स्पीकर: पाटण तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेतून

आमची जिल्हा परिषदेची शाळा, छत पत्र्याचं, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र आणि भिंतीपलीकडे पहिली-दुसरीचे पाढे. शेवटच्या ओळीपर्यंत शब्द नीट पोचावा म्हणून डोक्याला लावायचा बिनतारी माइक आणि जेवणाच्या डब्याएवढा स्पीकर साताऱ्याला पोवई नाक्यावर घेतला. अडीच हजारांच्या आत बसला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

तिसरीतली एक मुलगी 'साठ' सांगितलं की 'सात' लिहायची, 'पाठ'चा 'पाट' करायची. तिला गणित जमत नाही, असंच सगळे धरून चालले होते. खरं तर व्यंजनांचा आवाज स्वरांपेक्षा मुळातच दुबळा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो; खोलीत भिंतींवरून तो परततो, पण परतताना पुढच्या शब्दावर चढतो. मोठ्या माणसाचा एखादा शब्द हुकला तर तो अंदाजाने भरून काढतो. आठ वर्षांच्या मुलाकडे तेवढी शब्दांची शिदोरी कुठून असणार? म्हणून तर बाईंचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबल तरी वर असावा, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात. स्पीकर आल्यापासून या मुलीच्या वहीत सात आणि साठ वेगळे झालेत. एवढ्यासाठीसुद्धा मी हे यंत्र पुन्हा घेईन.

मात्र ते ठेवायचं कुठे, याला फार महत्त्व आहे. फळ्यापाशी ठेवलं तर पुढची मुलं दचकतात आणि माइक जवळ आल्याने शिट्टी वाजते. मी बाजूच्या भिंतीला, वर्गाच्या मध्यावर, बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या जरा वर खुंटीला टांगलाय. आवाज बेताचाच ठेवते. प्रकट वाचनाला माइक मुलांकडे देते. पुटपुटत वाचणारी मुलंही आता मागच्या ओळीला ऐकू येतात.

आता तक्रार. माइक बंद करायचं बटण इतकं बारीक आहे की चाचपडावं लागतं. एखाद्या मुलाशेजारी बसून त्याची चूक समजावताना माइक बंदच हवा, नाहीतर त्याचं अडखळणं अख्ख्या वर्गाला ऐकू जातं. मागे पडलेल्या मुलाला हे फार लागतं. कंपनीने बटण मोठं करायलाच हवं. दुसरं म्हणजे आमच्याकडचा पाऊस. पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या की आवाज कितीही वाढवा, उपयोग नाही. मग मी यंत्र बंद करून सगळ्यांना सतरंजीवर जवळ घेते. चार्जिंग शाळा सुटेपर्यंत पुरतं.

आणि मुख्याध्यापकांना, पालकांना कळकळीने सांगते, माइक आला म्हणजे मागे पडलेलं मूल आपोआप पुढे येत नाही. चौथीतल्या एका मुलाला काडीचाही फरक पडला नाही, कारण त्याला अजून निम्मी अक्षरं ओळखता येत नाहीत. त्याच्याबरोबर रोज अक्षरकार्डं घेऊन बसावंच लागतं. आणखी एकाचा कान वाहत होता. शाळेत तपासणीला आलेल्या आरोग्य पथकाला दाखवला, त्यांनी सिव्हिलला पाठवला. सर्दीने कान भरला तरी ऐकू कमी येतं, तेही एक दिवस कमी, एक दिवस जास्त, आणि घरचे म्हणतात पोरगं लक्ष देत नाही. आधी कान तपासा. ज्या मुलाला श्रवणयंत्र आहे, त्याच्यासाठी केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, विशेष शिक्षकांना विचारूनच काय ते ठरवा.

घेताना ब्लूटूथवाला माइक टाळा. त्यात तोंडातला शब्द आणि स्पीकरमधला शब्द मागेपुढे येतात, आणि ज्याला आधीच समजायला वेळ लागतो तो अजून गोंधळतो. सुटा हेडसेट वेगळा मिळतो का, तेही दुकानदाराला विचारून ठेवा, कारण आधी तोच तुटतो.