उडणाऱ्या मिनींचा अ‍ॅक्रिलिक स्टँड: घेण्याआधी दांडीचं भोक बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिकांच्या खेळात आम्ही उडणाऱ्या पात्रांच्या मिनी, म्हणजे छोट्या मूर्ती, दांडीवर पारदर्शक मजले असलेल्या स्टँडवर ठेवतो. गेल्या रविवारी ऐन लढाईत स्टँडची तळपट्टी तडकली आणि ग्रिफन हा पंखवाला प्राणी थेट नकाशावर आपटला. पंखाचा रंग उडाला तो उडालाच. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, 'वापरातली झीज आहे, बदलून मिळणार नाही.' चौघांनी वर्गणी काढून 1,900 रुपये घातलेत. झीज कसली?

दोष एकच आहे, पण तोच मुळावर येतो. दांडी भोकात दाबून बसवायची आहे. अ‍ॅक्रिलिक वाकत नाही, तडकतं. उंची बदलायची म्हणजे दरवेळी दांडी काढा, परत दाबा. भोकाच्या कडेला आधी केसासारख्या रेघा येतात, त्याच पुढे चीर होतात. सुपरग्लू तर लावूच नका. आजूबाजूला पांढरट धुरकट डाग पडतो, मग पारदर्शक घेऊन उपयोग काय?

सुरुवातीला माझं मत होतं की हा खर्चच फुकट. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत नकाशावरचं एक घर 5 फुटांचं, तेव्हा मिनीशेजारी वीस बाजूंचा फासा 12 वर ठेवला की 12 घरं, म्हणजे 60 फूट उंची झाली. पण तोच फासा कुणीतरी हल्ल्यासाठी उचलून टाकतं आणि उंची जाते. शिवाय उडणाऱ्याच्या बरोबर खाली ऑर्क, म्हणजे एखादा राक्षस, उभा राहिला, तर एका घरात दोन मिनी मावत नाहीत. स्टँडवर मावतात. इथे माझं मत पार बदललं.

अंतराचा वाद मात्र स्टँडने मिटत नाही. आमचा विझर्ड (जादूगार) 'फ्लाय' हा उडण्याचा मंत्र टाकून 60 फूट वर, आणि क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी) जमिनीवर 45 फूट लांब. त्याच्या 'हीलिंग वर्ड' या बरं करणाऱ्या मंत्राचा पल्ला 60 फूट. पोहोचतो का? तिरकं घरही 5 फुटांचंच धरलं तर अंतर 60, म्हणजे पोहोचतो. पायथागोरसने 75. तिरक्या घरांना आळीपाळीने 5 आणि 10 मोजलं तर 80. तिघांची तीन उत्तरं, आणि विझर्ड मरणाच्या दारात! आमच्या डीएम (खेळ चालवणाऱ्या) ताईंनी नियम लावून दिला: आडवं आणि उभं यांतलं मोठं असेल ते अंतर. दोन सेकंदांत हिशोब होतो. मला तरी टेबलावर हाच पटतो.

उंची नेमकी माहीत हवी ती पडताना. बाण लागून मंत्र टिकवणारी एकाग्रता मोडली की 'फ्लाय' संपतं आणि पडल्याची इजा दर 10 फुटांना एक सहा बाजूंचा फासा, म्हणजे 60 फुटांना सहा. पंखवाल्याला आडवा पाडला तरी तो कोसळतो, अधांतरी तरंगू शकणारा असेल तर वाचतो. आणि या स्टँडची दांडी जेमतेम पाच इंच! 5 फुटांना एक इंच धरला तर 60 फुटांना बारा इंच लागतील, आणि तेवढा उंच स्टँड उभाच राहणार नाही. म्हणून आम्ही मजल्याच्या कडेवर व्हाइटबोर्ड मार्करने आकडा लिहितो. लगेच पुसता येतो.

तळपट्टी मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका लेझर कटिंगवाल्याकडून करून घेतली. जाडी 5 मिलिमीटर, भोक दांडीपेक्षा किंचित सैल, आणि खालून क्लोरोफॉर्मने चिकटवलेली एक कडी. 120 रुपये लागले. दांडी थोडी हलते, पण भोकावर ताण येत नाही, चीर नाही.

आट्याची दांडी आणि नट असलेला संच मिळाला तर खुशाल घ्या. दाबून बसवायचा असेल तर नुसते पारदर्शक मजले सुटे मागवा, तळपट्टी आणि दांडी इथेच कापून घ्या.