कॅट बदलला म्हणून २१ हजार घेतले, आत नुसता डबा

माझी गाडी २०११ ची, पेट्रोल, १ लाख ३० हजार किमी झालेली. गेल्या पावसाळ्यात चेक इंजिनची लाईट लागली ती जाईचना आणि पिकअप तर मेलंच होतं, कात्रजचा घाट चढताना दुसऱ्या गिअरवर यायचो. घराजवळच्या एका गॅरेजात नेली, त्याने स्कॅनर लावला, पी ०४२० कोड आला, म्हणाला साहेब कॅट गेलाय, आतली जाळी चोक झालीय. (कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपवरचा धूर साफ करणारा डबा.) आता हे निदान खरं होतं बरं का, गाडी वर्षभर ऑइल खात होती आणि ऑइल जळलं की त्याची राख जाळीवर बसते. लफडं पुढे आहे.

कंपनीत ४२ हजार सांगितले होते, हा म्हणाला २१ मध्ये ओरिजिनल टाकून देतो, संध्याकाळी न्या. मी खूश. सहाला गेलो तर लाईट गायब आणि पिकअप असं की विचारू नका. (आत काहीच नसेल तर अडणार काय, पण तेव्हा ही अक्कल कुठे होती.) जुना पार्ट मागितला तर म्हणे "तो भंगारात गेला साहेब, त्याचं काय लोणचं घालणार?" मीपण हसलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं नवीन पार्टचं खोकं कुठंय, तर तिलाच म्हटलं तुला सगळ्याचीच खोकी लागतात.

मग पार्किंगमध्ये गाडी चालू केली की डोळे चुरचुरायला लागले, वॉचमन दोनदा बोलला, मी थंडीवर ढकललं. पीयूसी संपली म्हणून गेलो तर त्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, १.९ टक्के आला. माझ्यासारख्या बीएस ४ गाडीला लिमिट ०.३ आहे! परत केलं, तेच. तो पोरगा हळूच म्हणाला, काका यात कॅट आहे ना?

मग सिंहगड रोडला एक जुने मेकॅनिक आहेत त्यांच्याकडे नेली. त्यांनी लिफ्टवर घेतली, हातोडीच्या दांड्याने कॅटवर टकटक केलं आणि रिकाम्या डालडाच्या डब्यासारखा आवाज आला. टॉर्च मारून दाखवलं, डब्याच्या पोटावरून आडवं वेल्डिंग, वरून सिल्व्हर रंग फासलेला. कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर खोलला तर त्याच्याखाली बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा, याला स्पेसर म्हणतात. सेन्सर उचलून धुराच्या वाटेतून बाहेर घेतला की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं कॅट काम करतोय, म्हणून लाईट लागत नव्हती. ग्राइंडरने डबा कापला, आत चिनी मातीसारखे चार कण. म्हणजे नवीन पार्ट आलाच नव्हता, माझाच डबा फाडून जाळी काढून घेतली आणि परत चिकटवला, वर २१ हजार. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, रोडियम तर सोन्याहून महाग, त्यामुळे चोक झालेला असला तरी जुना कॅट फुकट जात नाही, घेणारे बसलेलेच असतात.

जाब विचारायला गेलो तर म्हणतो तुम्हीच स्वस्तात मागितलंत. बिल काढून बघितलं, त्यावर फक्त "सायलेन्सर काम", ना पार्ट नंबर ना जीएसटी. जुन्या डब्यावरच्या नंबरचा फोटोही माझ्याकडे नाही, भांडू कशावर? गाडी घेताना तिथूनच सरळ पीयूसीला नेली असती तरी शे-दीडशे रुपयात त्याच संध्याकाळी सगळं बाहेर आलं असतं, आणि तेव्हा पैसेही अर्धेच दिले होते.

आता सिंहगड रोडवाले म्हणतात आधी इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगांचं काम करा, ऑइल खाणं थांबल्याशिवाय नवीन कॅट टाकलात तर तोपण वर्षा-दोन वर्षात जाईल. पीयूसीशिवाय पकडलं तर १० हजारापर्यंत दंड, म्हणून गाडी कव्हर घालून उभी आहे आणि मी रिक्षाने हिंडतोय. कापलेला डबा बाल्कनीत ठेवलाय, बायको त्याकडे बघते आणि काही बोलत नाही.