एचओ टँकर किटवरून आपली बीटीपीएन: एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

एप्रिलच्या शेवटी माझ्या बीटीपीएनच्या बॅरलवर रंगाखालून रेघ उमटली. (बीटीपीएन म्हणजे आपल्या रेल्वेची पेट्रोल-डिझेल वाहणारी टँकर वॅगन, बॅरल म्हणजे तिची आडवी गोल टाकी. माझी ती एचओमधली, म्हणजे 1:87 प्रमाणातलं मॉडेल.) दोन अर्धुकांचा जो जोड मी दिवाळीच्या सुट्टीत पुटी भरून, घासून, प्राइमर मारून साफ गायब केला होता, तोच पुन्हा वर आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर मध्यावर, जिथे खिडकीचा उजेड पहिल्यांदा पडतो. नख फिरवलं की खाच लागते. मार्चमध्ये हा अनुभव लिहिला असता तर या किटला पाचपैकी साडेचार दिले असते. मे महिन्यात लिहिला असता तर दीड. आता जुलै चालू आहे आणि मधल्या काळात बरंच काही झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीचं नाव घेत नाही. दोन अर्धुकांत बॅरल येणाऱ्या कुठल्याही टँकर किटला हे लागू आहे. किट अमेरिकन साच्याचं, बिनघुमटाचं, आडवा मोठा बॅरल असलेलं. आपल्या बीटीपीएनसाठी हेच का, तर व्यासामुळे. बीटीपीएनच्या बॅरलचा आतला व्यास 2850 मिमी. पत्र्याची जाडी धरून 1:87 ने भागलं की 33 मिमीच्या जवळ येतं, आणि किटचा बॅरल तेवढाच भरतो. लांबी मात्र जुळत नाही. अमेरिकन टँकर लांबलचक, आपली वॅगन कपलर ते कपलर (कपलर म्हणजे डबे जोडणारा आकडा) 12.42 मीटर, म्हणजे एचओमध्ये साधारण सव्वाचौदा सेंटिमीटर. त्यामुळे मधला तुकडा काढून टाकायचा आणि दोन टोकं जोडायची. फ्रेमचंही तेच.

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, वाद इथे काढत नाही. 1676 मिमीच्या ब्रॉडगेजला एचओमध्ये सव्वाएकोणीस मिमीचा रूळ हवा, आपण सगळे 16.5 वर चालवतो, तो विषय तिथेच ठेवू.

नमुना बघायला मला लांब जावं लागत नाही. सोलापूरजवळ पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथे टँकरच्या रेक लागतात. पुणे रस्त्याने जाता-येता कडेला गाडी लावून मी त्या वॅगन डोळ्यांत साठवतो. मळकट पांढरा बॅरल, मॅनहोलपासून खाली ओघळलेले काळे-तपकिरी डाग, बॅरलच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना तेल काढायचे व्हॉल्व्ह. आणि उजेड तिरपा असला की बॅरल एकसंध गोल दिसतो. वेल्डच्या रेघा दिसतात, पण पोटाच्या मध्यावरून आडवी खाच कुठेही नसते. माझ्या दृष्टीने टँकर म्हणजे तो गोल. शिडी थोडी जाड चालेल, जाळी थोडी ढोबळ चालेल. बॅरलवर खाच चालणार नाही.

आधी चांगलं ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. किटची फ्रेम सरळ आहे, वाकलेली नाही. ब्रेकचा सिलिंडर, लिव्हर, पाईप हे सगळं सुटं येतं, त्यामुळे आपल्या वॅगनप्रमाणे हलवून बसवता येतं. शिडीचे दांडे एवढे बारीक की कापताना श्वास धरावा लागतो, पण एकही तुटला नाही. कपलरचा तर आनंदच आहे. आपल्या वॅगनचा सीबीसी (मधला बफर कपलर) हा अमेरिकन नकल कपलरच्याच घराण्यातला, त्यामुळे केडी कंपनीचा कपलर लावला की तो आपल्या वॅगनलाही शोभतो. ब्रिटिश साच्याचं किट घेतलं असतं तर बफर काढा, हूक काढा, भोकं बुजवा, हे सगळं वाट्याला आलं असतं.

बोगीबद्दल, म्हणजे वॅगनखालच्या चार चाकांच्या चौकटीबद्दल, थोडक्यात. आपल्या कॅसनब बोगीचा व्हीलबेस (दोन आसांमधलं अंतर) 2000 मिमी, म्हणजे 23 मिमी हवा. किटमधली बोगी विसाच्या आसपास. चाकं आपली 1000 मिमीची, म्हणजे साडेअकरा, किटची साडेदहा. शेजारी स्केल धरल्याशिवाय कळत नाही. मी तशीच ठेवली.

आता जोड. मॉडेलवाल्यांचं पातळ सिमेंट (सॉल्व्हंट) स्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, चिकटवत नाही, विरघळवून एकजीव करतं. तो सॉल्व्हंट प्लॅस्टिकच्या अंगात मुरतो आणि हळूहळू, कित्येक महिने उडत राहतो. जसजसा उडतो तसतसा जोडाजवळचा भाग आकसतो, आणि वर भरलेली पुटी एका वेगाने, प्लॅस्टिक दुसऱ्या वेगाने बसतं. बंद बॅरलमध्ये वाफ कोंडते म्हणून मी पोटाखाली एक मिलिमीटरचं भोक आधीच पाडलं होतं. तरी रेघ आलीच. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत, पारा चाळिशीच्या वर असताना जे काम थंड गावात दोन वर्षांत झालं असतं ते इथे एका उन्हाळ्यात झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की जोड कुठे ठेवायचा हे साचा करणाऱ्याच्या हातात असतं. तो तळाशी ठेवला असता तर फ्रेमआड झाकला गेला असता. मध्यावर ठेवला की साचा स्वस्तात निघतो आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या माथी बसते.

ज्याच्याकडून किट मागवलं त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “सर, तुम्ही बॅरल कापलाय. आता कंपनी बदलून कशी देणार?”

“अहो, बदलून नकोच आहे. पैसे घ्या आणि नुसता बॅरल द्या.”

“सुटा पार्ट येत नाही सर. पूर्ण किट घ्यावं लागेल.”

साडेचार हजारांचं किट, त्यातल्या प्लॅस्टिकच्या दोन पन्हाळ्यांसाठी पुन्हा साडेचार हजार! कंपनीला मेल केला, फोटो जोडले, उत्तर नाही. किट लोक कापणार, जोडणार, बदलणार हे बनवणाऱ्याला माहीत असतं. तरीही सुटे भाग विकायचे नाहीत, हे मला अजिबात पटलेलं नाही आणि पुढेही पटणार नाही.

त्यानंतर घरच्या पाण्याच्या कामासाठी मार्केट यार्डाजवळच्या पाईपच्या दुकानात गेलो होतो. आपल्याकडे ऊस आणि डाळिंबामुळे असली दुकानं पावलापावलावर. तिथे कोपऱ्यात 32 एमएमच्या पीव्हीसी पाईपचे तुकडे पडले होते. शेतीचा पीव्हीसी पाईप बाहेरच्या व्यासावर विकला जातो, म्हणजे 32 एमएम म्हटलं की बाहेरून 32. मला हवे होते 33. त्यावर अर्ध्या मिलिमीटरचं स्टायरीन गुंडाळलं की दोन्ही बाजूंनी मिळून एक मिलिमीटर वाढतो आणि बरोबर 33 होतात. मी तिथेच खिशातला व्हर्नियर काढून चार तुकडे मोजले.

दुकानदार बघत होता. “मालक, वीतभर पाईप घेऊन काय करणार?”

“रेल्वेची टाकी करायलोय.”

त्याने सहा किलो दाबवाला एक सरळ तुकडा निवडून हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

कृती लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. किटच्या बॅरलची दोन्ही फुगीर टोकं बारीक करवतीने कापून घ्यायची, ती फेकायची नाहीत, कारण तसा गोलावा हाताने घडवणं कठीण. पाईप 120च्या पॉलिश पेपरने खरवडायचा. स्टायरीनचं सिमेंट पीव्हीसीला धरत नाही, तिथे हार्डवेअरच्या दुकानातला दोन ट्यूबवाला इपॉक्सीच लागतो. शीट आधी 25च्या पाईपवर घट्ट बांधून वरून गरम पाणी ओतायचं आणि रात्रभर तशीच ठेवायची म्हणजे ती वळण धरते. शीटची रुंदी 104 मिमीपेक्षा किंचित जास्त कापायची आणि गुंडाळून पाहत कडा घासत आणायची. मग इपॉक्सी लावून गुंडाळायची आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायची. शीटचा जोड तळाशी, फ्रेमच्या मधल्या दांड्यावर. तिथे खाच पडली तरी कुणाच्या बापाला दिसत नाही. वेल्डच्या उभ्या रेघांसाठी टेपच्या दोन बारीक पट्ट्यांमध्ये जाड प्राइमर ब्रशने ओढला आणि ओला असतानाच टेप काढली. एवढीशी उंचवट्याची रेघ राहते, पाकणीला दिसते अगदी तशी.

पाईपचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. एनएमआरए या अमेरिकेतल्या रेल्वे मॉडेलवाल्यांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ वॅगनचं वजन एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस असावं. या लांबीला ते 108 ग्रॅमच्या जवळ येतं. मूळ किट त्याच्यापुढे फारच हलकं होतं आणि वळणावर लांब गाडीत आत ओढलं जायचं. पाईपची भिंत जाड, तिचंच वजन बरंच, आणि टोकं बसवण्याआधी आत टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं चिकटवली. आता वॅगन गाडीच्या मधोमध लावली तरी रुळावरून उतरत नाही.

नंबरासाठी पारदर्शक डिकल पेपरवर (पाण्यात सोडवून चिकटवायचा कागद) लेझर प्रिंट काढली. बॅरल पांढरा असल्याने काळ्या अक्षरांवर भागतं, पांढऱ्या शाईची भानगड नाही. फक्त नंबर मनाला येईल तो टाकू नका. अकरा आकड्यांत पहिले दोन वॅगनच्या प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वे 01), मग दोन वर्षाचे, चार वॅगनचे आणि शेवटचा तपासणीचा. सम जागांवरचे आकडे मिळवून तिप्पट करायचे, त्यात विषम जागांवरचे मिळवायचे आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. समजा 4001123456 घेतलं: सम जागांची बेरीज 13, तिप्पट 39, विषम जागांची 13, एकूण 52, म्हणून शेवटी 8. माझ्या वॅगनचा नंबर या हिशेबात बसतो. बघणाऱ्यांपैकी कुणी तो तपासणार नाही हे माहीत आहे, पण मला त्याचं समाधान मोठं आहे.

मे आणि जून काढून आज पाईपवाल्या बॅरलवर तीच खोली, तोच उजेड, आणि रेघ नाही. म्हणून आता निकाल असा: फ्रेम, ब्रेकचं सामान, शिड्या, कपलरची उंची यांना पाच. बॅरलला शून्य. सुटे भाग न विकण्याबद्दल एक पूर्ण गुण कापला. एकूण तीन, तेही पाईप आपण आणायचा या अटीवर. कुठे निम्म्या किमतीत जुनं, बॅरल फुटलेलं किट मिळालं तर डोळे झाकून घ्या. फक्त फुगीर टोकं शाबूत आहेत का ते बघा.

पुढची बीटीएफएलएन ही दुसऱ्या प्रकारची टँकर वॅगन करायची आहे. ती बिनफ्रेमची, बॅरलच भार पेलतो, त्यामुळे या किटची सगळ्यात चांगली वस्तू तिथे निरुपयोगी. नुसत्या बोगी आणि कपलर सुटे मागवलेत, दुसऱ्या दुकानातून.