कंबरेवर वजन घेणारी रिग : दोन लग्नसराईंनंतर

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू. दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्याच मुहूर्ताला अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, आणि माझ्या कमरेतून निघालेली कळ उजव्या पायाच्या करंगळीपर्यंत गेली. हातातला गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा, हलू द्यायचा नव्हता, म्हणून दात आवळून उभी राहिले. मी १२ वर्षं सांगली-मिरज भागात लग्नं शूट करते. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, हे काम आता सुटणार.

मिरजेच्या फिजिओ मॅडमनी विचारलं, कॅमेरा किती वजनाचा? माझा सोनी एफएक्स ३ कॅमेरा आणि २४-७० लेन्स मिळून दीड किलोसुद्धा नाहीत. पण गिंबल, मॉनिटर, माईक धरून साडेतीन होतात. त्या म्हणाल्या, भरलेली कळशी कमरेवर घेऊन बायका लांबवर चालतात, तीच हात पुढे करून धरायला सांग. मला तेव्हा कळलं की वजनापेक्षा ते अंगापासून किती लांब धरतो, यावर कंबरेचं मरण आहे.

मग ही रिग घेतली, सेकंडहँड, १४ हजारांना. मूळ कल्पना योहान हेल्स्टेन या स्वीडिश कॅमेरामनची, त्याच्या रिगचं नाव इझीरिग. माझी देशी बनावटीची आहे, पण आम्ही सगळे तिला इझीरिगच म्हणतो. पाठीवरून डोक्यावर येणारा दांडा, त्याला दोरी, दोरीला गिंबल. भार खांद्यावर न राहता पट्ट्यातून कमरेच्या हाडांवर उतरतो. पहिल्या वरातीत सलग दोन तास चालले आणि रात्री घरी स्वतःच्या हाताने भात लावला. गेली कित्येक वर्षं हे जमलं नव्हतं.

मात्र वजन नाहीसं होत नाही, रिगचं स्वतःचं वर चढतंच. गुडघे आणि टाचा संध्याकाळी बोलतात. चालताना बसणारा हिसका ही थांबवत नाही, ते काम गिंबलचंच. हळद घरात असेल तर मी रिग गाडीतच ठेवते. दांडा डोक्याच्या वर असतो, आणि आपल्याकडच्या खोल्यांत पंखा किती खाली असतो ते माहीत आहे. एकदा चालू पंख्यापासून जेमतेम वीतभर लांब होते. लाजाहोमालाही उतरवते. वाकलं की दांडा पुढे ओढतो आणि सगळा ताण नेमका दुखऱ्या मणक्यावर येतो, त्यापेक्षा पाटावर बसून शूट केलेलं बरं.

पट्टा पुरुषांच्या मापाचा होता, सारखा वर सरकून पोटावर यायचा. बॅगवाल्याकडून चार इंच कापून घेतला, बकलही बदललं. आता नीट बसतो. मॅडमनी दिलेले व्यायाम मात्र रिग आल्यावर मी महिनाभर सोडले, तेव्हा कळ परत आली. आता सकाळी वीस मिनिटं चुकवत नाही.

घ्यायची असेल तर आधी एका वरातीपुरती भाड्याने आणा. आणि दुकानात रिकामी घालून बघू नका, तुमचा गिंबल लावून अर्धा तास उभे राहा.