सदाशिव पेठेतला फॉरेन्सिक अकाउंटिंगचा वीकेंड क्लास: शिकवतात एक नंबर, नोकरीचं तुमचं तुम्ही बघा

बीकॉम झालंय आणि पुढे काय ते ठरत नाहीये त्यांनी हे वाचाच. फॉरेन्सिक अकाउंटिंग म्हणजे हिशोबातली फसवणूक शोधून काढणं. सर पुस्तक बाजूला ठेवून थेट एक्सेल उघडतात, पेमेंटची शीट घेतात आणि बेनफर्डचा नियम लावून दाखवतात, म्हणजे अशा आकड्यांत सहसा पहिला अंक 1 साधारण 30 टक्के वेळा येतो आणि 9 तर 5 टक्क्यांहूनही कमी, मग मंजुरीची लिमिट 1 लाख असताना 98-99 हजारांची बिलं ढिगाने दिसली की कुठेतरी पाणी मुरतंय. पण हा पुरावा नाही, तपास इथून सुरू होतो, हे ते बजावून सांगतात ते फार आवडलं. 2009 चं सत्यम प्रकरणही छान उलगडलं, या आयटी कंपनीने खात्यात नसलेले पैसे बँक बॅलन्स म्हणून दाखवले होते, बँक बॅलन्स थेट बँकेकडूनच कन्फर्म का करायचा ते तेव्हा डोक्यात शिरलं.

प्लेसमेंट मात्र फक्त जाहिरातीत, फी भरली की कुणी विचारत नाही, याचा खरंच राग येतो. कामं आहेत, बिग फोर (चार बड्या ऑडिट कंपन्या), बँका, इन्शुरन्स, पण बऱ्याच ठिकाणी सीए नाहीतर सीएफई (फ्रॉड तपासणाऱ्यांचं सर्टिफिकेट) मागतात. सीए असाल तर आधी आयसीएआयचा, म्हणजे सीएंच्या संस्थेचा, एफएएफडी (फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि फ्रॉड डिटेक्शन) कोर्स बघा, बाकीच्यांनी डेमो लेक्चर करूनच पैसे भरा.