"तुम्ही कशाला हेलपाटे घालता, मी आहे ना"

माझ्या धाकट्या बहिणीचा घटस्फोटाचा अर्ज कोर्टाने काढून टाकला होता. त्यानंतरचे १४ महिने आम्ही त्या अर्जाच्या तारखांचे पैसे भरत होतो. मी शाळेत शिकवते, गल्लीतल्या लोकांना अर्ज लिहून देते. फसतात ती अडाणी माणसं, असं मला मनातून वाटायचं. म्हणून हे लिहायला एवढे दिवस लागले.

वकील खोटा नव्हता, हे आधी सांगते. सनद खरी, ऑफिस खरं, बोलणं तर साखरेसारखं. पहिल्याच भेटीत बहिणीला म्हणाले, "कोर्ट ही बायकांनी ताटकळत बसायची जागा नाही. तुम्ही कशाला हेलपाटे घालता, मी आहे ना." आम्हाला किती हायसं वाटलं! त्या एका वाक्याने आम्ही दोन वर्षं कोर्टाची पायरी चढलो नाही, आणि नेमकं तेच त्यांना हवं होतं.

वकीलपत्रावर सही घेतली, सोबत चार कोऱ्या कागदांवरही. "ऐनवेळी अर्ज-बिर्ज द्यावा लागतो." फी २५,००० ठरली. वर स्त्रीधनाची मागणी आहे म्हणून 'कोर्ट फी स्टॅम्प'चे १८,००० रोख. पावती मागितली तर हसून म्हणाले, "ताई, कोर्टात कसल्या पावत्या?" महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट आणि त्यातून निघणाऱ्या मालमत्तेच्या वादात बाईला कोर्ट फी माफ आहे. १९९४ सालीच तशी अधिसूचना निघाली होती. आमचे १८,००० गेले कुठे, हा प्रश्न विचारायचं आम्हाला सुचलंच नाही, कारण माफी आहे हेच ठाऊक नव्हतं. अर्जाची नुसती नक्कल मागून घेतली असती तरी त्यावर स्टॅम्प नाही हे दिसलं असतं.

मग तारखा सुरू झाल्या. दर तारखेला ५०० रुपये 'वरखर्च'. संध्याकाळी फोन केला की उत्तर तयार. आज साहेब रजेवर, आज समोरच्याने मुदत मागितली, आज वकिलांचं काम बंद. यातलं काहीच खोटं वाटत नव्हतं, कारण कोर्टात हे सगळं खरोखर होतं. खऱ्या दिरंगाईच्या आड खोटी दिरंगाई आरामात लपते. अंतरिम पोटगीचं, म्हणजे निकाल लागेपर्यंत मिळायच्या पोटगीचं विचारलं की "त्याला वेळ लागतोच." हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत द्यावा. (या 'शक्यतो'त पुष्कळ काही मावतं, मान्य. पण मुदत असते हेच माहीत नसेल, तर ती उलटली हे कळणार कसं?)

एके दिवशी त्यांनी पोटगी मंजूर झाल्याच्या आदेशाची झेरॉक्स दिली. दरमहा ८,०००. वसुलीच्या कामासाठी १५,००० लागतील म्हणाले. घरात पेढे आले. झेरॉक्स पुसट होती, म्हणून स्वच्छ प्रत आणायला बहीण एकटीच कोर्टात गेली. पहिल्यांदाच.

नक्कल विभागातल्या बाईंनी कागद उलटा करून पाहिला. "मागे काहीच नाही. नकलेचा अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी नेली, या तारखा असतात की." मग बहिणीचं नाव संगणकावर टाकलं आणि जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमचं प्रकरण तर काढून टाकलंय. गैरहजेरीत." रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टाच्या नोंदीत, लागोपाठ तीन तारखांना एकच ओळ होती: अर्जदार व वकील गैरहजर.

प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या मोबाइल अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते, झालेले आदेश बहुतेक वेळा वाचायलाही मिळतात. फुकट. आम्हाला दिलेला नंबर वकिलांच्या कपाटातल्या फाइलचा होता.

त्याच इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला तिथे वकील मोफत मिळतो आणि तिचं उत्पन्न विचारात घेतलं जात नाही. मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं यांनाही तेच. फोन करायचा तर १५१००. 'फुकटचा वकील पाट्या टाकतो' हे मीच बहिणीला ऐकवलं होतं. तसे काही असतातही, मानधन तुटपुंजं असतं. आमच्या नशिबी आलेल्या वकीलबाईंनी मात्र पहिल्या दिवशी सीएनआर क्रमांक बहिणीच्या वहीत तिच्याच हाताने लिहून घेतला.

आम्ही म्हणत होतो, जुनं मरू दे, नवा अर्ज टाकू. त्यांनी अडवलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिलंय. नवा अर्ज म्हणजे मधल्या दोन वर्षांच्या पोटगीवर पाणी. म्हणून जुनाच अर्ज पुन्हा दाखल करून घ्यायची विनंती करायची. त्याची मुदत ३० दिवसांची, आम्ही वर्षाने मागे. मग विलंब माफीचा अर्ज, सोबत तो बनावट आदेश आणि पैसे दिल्याचे मोबाइलवरचे मेसेज. आमच्या बाजूने बोलणारा तेवढाच पुरावा होता, कारण बाकी सगळं रोखीत.

जुन्या वकिलांनी "बाकी भरा, मग फाइल न्या" म्हणून ताणून धरलं. तसं धरता येत नाही. फीसाठी अशिलाचे कागद अडवायचा हक्क वकिलाला नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. वकीलबाईंनी पत्रात त्याचा उल्लेख केला आणि फाइल चौथ्या दिवशी घरपोच आली.

पैसे परत मिळवायला ग्राहक आयोगात जावं म्हटलं, तर तो दरवाजा सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झालाय. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. एक कारण असं की वकिलाच्या कामावर अशिलाचं बरंच थेट नियंत्रण असतं. मी ते दोनदा वाचलं. आम्हाला त्यांच्या ऑफिसात खुर्चीवर बसायचीही भीती वाटायची.

उरली राज्याची बार कौन्सिल, म्हणजे सनद देणारी वकिलांचीच संस्था. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली शिस्तभंगाची तक्रार करता येते. ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द, अशा शिक्षा आहेत. त्या कलमात आमचे पैसे परत मिळवून देणं नाही. शिवाय वकिलाचा न्याय वकीलच करणार, हे मला अजून पटत नाही. तक्रार एका वर्षात निकाली निघावी, नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते, असं कायदा म्हणतो. आमच्या तक्रारीला सात महिने झालेत. बनावट आदेशाची तक्रार पोलिसांत वेगळी दिली आहे.

अर्ज मागच्या महिन्यात पुन्हा पटावर आला. आता प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री बहीण वही उघडते, तो क्रमांक मोबाइलवर टाकते आणि सकाळी डबा घेऊन स्वतः कोर्टात जाऊन बसते. मी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाली, "तू कशाला हेलपाटे घालतेस?" आणि मग आम्ही दोघी हसलो.