मेसच्या हॉलच्या लाइटसाठी टूबायटू पॅनल की साध्या बॅटन?

आमच्या कॉलेजच्या होस्टेलला दोन मेस हॉल आहेत आणि दोन्हींच्या रिनोव्हेशनचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं, त्यामुळे दोन्ही प्रकार वापरून झालेत. मोठ्या हॉलला ग्रिड सीलिंग (पट्ट्यांच्या चौकटीत टाइल बसवलेलं खोटं छत) करून ३६ वॉटचे टूबायटू, म्हणजे दोन बाय दोन फुटी चौकोनी एलईडी पॅनल टाकले, लहान हॉलच्या वेळी पैसे संपले म्हणून थेट स्लॅबला केसिंग पट्टी मारून २० वॉटच्या चार फुटी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारख्या एलईडी पट्ट्या. वॉट-ल्युमेनचं गणित बॉक्सवर असतं, ते सोडा.

दिसायला पॅनलच भारी, वाद नाही. उजेड सगळीकडे सारखा, ताटात आपल्याच डोक्याची सावली येत नाही. सर तर पाहुण्यांना मुद्दाम तिकडे फिरवायचे. बॅटनच्या हॉलला सरकारी ऑफिसची कळा आहे, मान्य.

पण तो ड्रायव्हर, म्हणजे पॅनलला करंट पुरवणारी डबी! तो बसतो सीलिंगच्या वर, आणि मेसची सगळी वाफही तिथेच जाऊन साठते, माझा अंदाज त्यानेच ड्रायव्हर जातात. एकदा ऐन रात्रीच्या जेवणात एक पॅनल लुकलुकायला लागला, वायरमनने घोडा लावून शेजारची टाइल उचलली तर धूळ आणि उंदराच्या लेंड्या धाडकन टेबलावर, वरणाच्या पातेल्यावर झाकण होतं म्हणून वाचलो. तेव्हापासून सीलिंग उघडायचं ते दुपारी ३ ते ५ मध्येच, आणि तोवर पोरं त्या पॅनलखाली बसून डिस्को डिस्को करतात. बरं नवीन ड्रायव्हरचा आउटपुट करंट पॅनलशी जुळायला हवा, दुकानदार "चालतंय ओ" म्हणत दुसराच गळ्यात मारतो, मग तो एकच पॅनल मिणमिणता. बॅटन गेली की क्लिपमधून काढा, दुसरी चढवा, पाच मिनिटांत पोळ्या परत सुरू. ड्रायव्हर आतच असल्याने अख्खी टाकून द्यावी लागते, तो तोटा आहेच.

काहीही घेतलंत तरी ६५०० केल्विनचं (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरंफटक घेऊ नका, वरण आजारी दिसतं. आम्ही लहान हॉलला ४००० घेतलं, पोरांनी विचारलं आचारी बदलला का!

अजून एक, लाइट आणि वॉटर कूलर एकाच ३० एमएच्या (मिलीअँपिअरच्या) आरसीसीबीवर, म्हणजे करंट लीक झाला की वीज तोडणाऱ्या स्विचवर, ठेवू नका. आमच्या कूलरला लीकेज आलं आणि शंभर पोरं अंधारात आमटी शोधत होती.

तुमच्याकडे एसी असेल, सीलिंग करायचंच असेल, तर पॅनल वाईट नाहीत, प्रत्येकाची गरज वेगळी. मला परत करायचं झालं तर बॅटनच लावीन, आणि त्याच लॉटमधल्या चार-पाच जास्तीच्या घेऊन स्टोअरला कुलपात ठेवीन, नाहीतर त्या कोणाच्या तरी रूमवर लागलेल्या दिसतात.